परसातल्या तळ्याचा ड्रेन: नहाणी ट्रॅप का नको, आणि मग काय बसवायचं

प्रश्न नाशिकहून आला आहे. बंगल्यामागे १० बाय ७ फुटांचा, ४ फूट खोल खड्डा खणून तयार आहे आणि त्यात कोई मासे सोडायचे आहेत. मिस्त्रीचं म्हणणं असं की तळाला नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीत असते तशी जाळी, बसवू, दोन इंची पाइप बाहेर काढू, गेट व्हॉल्व्ह लावू, विषय संपला. घरचा ड्रेनेजचा चेंबर २० फुटांवर आहे, पण जेमतेम दोन फूट खोल. म्हणजे तळ्याचा तळ चेंबरपेक्षा दोन फूट खाली राहणार, मग पाणी तिथे जाणार कसं? आरसीसी करायचं की शेततळ्यासारखा प्लॅस्टिकचा कागद टाकायचा? आणि शेजाऱ्यांचं जुनं तळं आहे, त्याला असा ड्रेन आता बसेल का?

आधी माझाच एक प्रश्न. मासे नक्की सोडायचेत ना? फक्त कमळ, लिली आणि डासांच्या अळ्या खायला मूठभर गप्पी एवढंच असेल, तर ड्रेनच्या भानगडीत पडू नका. तळाला पाडलेलं प्रत्येक भोक ही गळतीला दिलेली जागा असते. लिलीच्या तळ्यात वर्षा-दोन वर्षांनी उन्हाळ्यात मड पंप सोडून गाळ काढला तरी भागतं, आणि कुंडीतल्या झाडांना थोडा गाळ हवाच असतो.

कोईचं तसं नाही. कोई हा कार्पच, आणि कार्प कुळातल्या माशांना जठर नसतं. खाल्लेलं आतड्यात भराभर पुढे सरकतं आणि मासा दिवसभर घाण टाकत राहतो. ही विष्ठा, न खाल्लेलं खाद्य, वरून पडलेली पानं, सगळं तळाशी बसून कुजतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. पाणी वरून आरशासारखं दिसत असतं आणि तळाला बोटभर काळा थर साचलेला असतो. ड्रेन हवा तो हा थर बसूच नये म्हणून. तळं रिकामं करण्याची वेळ वर्षातून एखादी येते, तळाची घाण मात्र रोज काढायची असते. मिस्त्री ड्रेनचा विचार टाकी धुण्याच्या वॉशआउटसारखा करतो, तिथेच सगळं गणित बिघडतं.

नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी अडवून ठेवणारा वाकडा भाग असतो, गटाराचा वास बाथरूममध्ये येऊ नये म्हणून. चार फूट पाण्याखाली कुठला वास अडवायचा? उलट त्या वाकणातच गाळ घट्ट बसतो, आणि तिथे हात घालायचा म्हणजे तळं उपसायचं. वरची जाळी सपाट असते. पिंपळाचं एक पान तिच्यावर आडवं बसलं की निम्मा ड्रेन बंद, दोन बसली की पूर्ण.

कोईच्या तळ्याला जो बॉटम ड्रेन लावतात त्याची रचना साधी आहे. खाली वाटीसारखा भाग, त्याला ११० मिलिमीटरचा, म्हणजे चार इंची पाइप जोडायची तोंडी, आणि वर आठ-दहा इंच व्यासाचं घुमटासारखं झाकण. हे झाकण फरशीपासून साधारण २० मिलिमीटर वर उचललेलं असतं. पाणी वरून आत जात नाही, कडेच्या फटीतून चारही बाजूंनी फरशी झाडत आत शिरतं. दहा इंची झाकणाच्या कडेने २० मिलिमीटरची फट म्हणजे पाइपच्या तोंडाच्या जवळजवळ दुप्पट वाट. त्यामुळे फटीपाशी ओढ कमी राहते आणि मासा अडकत नाही. बोटाएवढी पिल्लं असतील तेव्हा मात्र फट निम्म्यावर आणा.

तयार ड्रेन ऑनलाइन मिळतात, त्यात बरेचसे आयात केलेले. स्विमिंग पूलच्या सामानाच्या दुकानातला मेन ड्रेनही चालतो, पण त्याची तोंडी बघून घ्या, ती पुष्कळदा दोनच इंची असते. आरसीसीच्या तळ्यासाठी मी तर चार इंची पीव्हीसी फ्लँज आणि जाड पीव्हीसी पत्र्याचं झाकण, असं इथेच करून घ्या म्हणेन. स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचेच. कोईवाले आजारी माशांसाठी पाण्यात मीठ टाकतात, त्यात साधा लोखंडी स्क्रू टिकत नाही.

आता पाइप. तुमचं तळं भरून साधारण साडेसात ते आठ हजार लिटर होईल. माशांसाठी एवढं पाणी तासाभरात एकदा फिल्टरमधून फिरायला हवं, म्हणजे ताशी सात हजार लिटरच्या आसपास. तळ्यातून सेटलिंग चेंबरमध्ये, म्हणजे घाण खाली बसवायच्या बाजूच्या टाकीत, पाणी आपोआप, फक्त पातळीतल्या फरकाने येतं, आणि पंप त्या चेंबरच्या पुढे बसतो. चार इंची पाइप असेल तर सहा मीटर अंतर आणि दोन-तीन बेंड धरूनही चेंबरातली पातळी तळ्यापेक्षा एक-दीड सेंटिमीटरच खाली राहते. तेच पाणी दोन इंची, म्हणजे ६३ मिलिमीटरच्या पाइपातून ओढलंत तर फरक १४-१५ सेंटिमीटरवर जातो. चेंबर उथळ पडतो, पंप हवा ओढतो, आणि मग मिस्त्री म्हणतो पंपच खराब आहे.

मोठा पाइप चांगला म्हणून सहा इंची टाकायचा मोह होतो, तोही टाळा. सात हजार लिटरला चार इंची पाइपात पाणी सेकंदाला २३ सेंटिमीटर सरकतं, सहा इंचीत ते दहा-अकरावर येतं. एवढ्या संथ पाण्यात घाण पाइपातच बसते. तुमच्या मापाच्या तळ्याला एक ड्रेन आणि एक चार इंची पाइप पुरे. तळं १२ फुटांपेक्षा लांब असतं तर दोन ड्रेन सांगितले असते, आणि प्रत्येकाचा पाइप चेंबरपर्यंत वेगळा. दोन ड्रेन मध्येच टी लावून एका पाइपात आणले की जवळचा ओढतो आणि लांबचा तुंबतो.

पाइप कुठल्या दर्जाचा? दुकानदार एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा पाइप दाखवेल. त्यात टाइप ए आणि टाइप बी असे दोन असतात. ११० मिलिमीटरमध्ये ए ची जाडी २.२ मिलिमीटर, बी ची ३.२. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आहे, तो जमिनीत गाडू नका. मी शेतीचा सहा किलो दाबाचा पाइप वापरायला सांगतो. बाहेरचा व्यास तोच ११०, आणि जोड रबर रिंगचा नाही, सोल्युशनने चिकटवलेला. हा पाइप काँक्रीटखाली कायमचा गाडला जाणार, त्यामुळे इथे दोन-तीनशे रुपये वाचवण्यात काही हशील नाही. नव्वद अंशाचा एल्बो कुठेही नको. वळायचं असेल तिथे ४५ चे दोन बेंड, मध्ये वीतभर सरळ तुकडा. म्हणजे उद्या तुंबलाच तर बांबूची लवचिक कामटी तरी आत जाईल.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येतो: ड्रेनेजचा चेंबर तळापेक्षा दोन फूट वर आहे. बहुतेक जण इथेच ड्रेनचा नाद सोडतात, आणि त्याची गरज नसते. घाण ओढायला बाहेरचं तोंड तळ्याच्या तळाखाली असावं लागत नाही, पाण्याच्या पातळीखाली असलं की पुरतं. पाइपाचं आतलं तोंड तळाशी आहे, त्यामुळे बाहेर दोन फुटांवर सोडलंत तरी येणारं पाणी तळाचंच असतं. दोन फुटांच्या फरकाने चार इंची पाइपातून सेकंदाला दहा-बारा लिटर पाणी सुटतं आणि पाइपातला वेग सेकंदाला मीटरच्या वर जातो. दहा सेकंद उघडलंत तरी शंभर-सव्वाशे लिटर काळं पाणी गेलं आणि पाइपही धुऊन निघाला. अशाने तळं फक्त निम्मंच रिकामं होईल हे खरं. उरलेल्या निम्म्यासाठी वर्षातून एकदा भाड्याचा मड पंप आणा.

व्हॉल्व्हच्या बाबतीत माझं मत जरा टोकाचं आहे: चार इंचीला व्हॉल्व्हच नको. गेट व्हॉल्व्हच्या खाचेत वाळू बसली की तो पूर्ण मिटत नाही आणि रात्रभर थेंबथेंब पाणी जातं. चार इंची बॉल व्हॉल्व्ह महाग, आणि वर्षभर न फिरवल्यास दोन माणसांनाही हलत नाही. त्यापेक्षा मत्स्यबीज केंद्रांवर वापरतात तो उभा पाइप. सेटलिंग चेंबरच्या तळाला चार इंची सॉकेट बसवा, तिथून पाइप ड्रेनेजकडे न्या, आणि सॉकेटमध्ये पाइपाचा एक उभा तुकडा नुसता दाबून बसवा. सोल्युशन अजिबात लावायचं नाही. तुकडा उपसला की घाण सुटते, परत दाबला की बंद. त्याचं वरचं टोक तळ्याच्या जास्तीत जास्त पातळीला कापलंत तर तोच ओव्हरफ्लोही होतो.

हा चेंबर तळ्याइतका खोल करायची गरज नाही. पाण्याची ५०० लिटरची गोल टाकी घ्या आणि तिचा काठ तळ्याच्या पाण्यापेक्षा चार इंच वर राहील अशी जमिनीत बसवा. टाकीचा तळ ड्रेनेजच्या चेंबरपेक्षा थोडा वर यायला हवा. त्यामुळे टाकी उंच नको, बुटकी आणि रुंद बघा. तळ्याकडून येणारा पाइप टाकीच्या कडेला तिरका सोडा, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि घाण मधोमध, उभ्या पाइपाच्या पायाशी गोळा होते. फिल्टरकडे जाणारं पाणी वरच्या अंगाने घ्या. टाकीवर झाकण हवंच. पंप बंद पडून पाणी आठवडाभर उभं राहिलं की डेंग्यू पसरवणारे एडिसचे डास तिथेच होतात, आणि महापालिकेची नोटीस तळ्याला न येता या टाकीला येते.

बसवण्याचं काम. तुमच्याकडे काळी माती असेल, आणि मुरूम लागेपर्यंत खणलं नसेल, तर आधी तेवढं खणा. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर टाकलेला स्लॅब एकसारखा राहत नाही. पाइपासाठी चर खणून पाइप जोडा, सोल्युशन वाळायला एक दिवस द्या. मग ड्रेनचं तोंड बंद करून पाइप उभा भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर जोड आत्ताच दिसतो, नंतर दिसणार नाही. पाणी पाइपात असतानाच भोवती काँक्रीट भरा, म्हणजे तो वर उचलला जात नाही.

पीव्हीसीला सिमेंट पकडत नाही. पाइप आणि काँक्रीट यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते आणि बहुतेक आरसीसी तळी तिथूनच गळतात. उपाय स्वस्त आहे. काँक्रीटमध्ये जाणारा पाइपाचा आणि ड्रेनच्या वाटीचा भाग सॅंडपेपरने खरवडा, त्यावर सोल्युशन फासा आणि ते ओलं असतानाच कोरडी जाडसर वाळू दाबून बसवा. वाळल्यावर पाइप खरखरीत होतो आणि सिमेंट त्या वाळूला धरतं. शिवाय पाइपावर पडल फ्लँज घाला, म्हणजे पाइपाभोवतीची रुंद कॉलर, जी स्लॅबच्या जाडीत मधोमध राहते. पाझरणाऱ्या पाण्याची वाट तिथे अडते. मग सळई, मग काँक्रीट. फरशीला चारही भिंतींकडून ड्रेनकडे तीन-चार इंच उतार द्या आणि कोपरे गोल करा, चौकोनी कोपऱ्यात घाण साचून राहते. ड्रेनची कड फरशीच्या किंचित खाली हवी. मिस्त्री शेवटचा गिलावा करताना ती कड हमखास वर ठेवतो, तेव्हा ओळंबा-लेव्हल घेऊन स्वतः समोर उभे राहा.

नवं सिमेंट पाण्याचा सामू (पीएच) खूप वर नेतं. तळं भरा, आठवड्याने पूर्ण सोडा, पुन्हा भरा, असं महिनाभर चालू द्या आणि सामू तपासूनच मासे सोडा. ड्रेनची पहिली नोकरी ही.

कागद की आरसीसी, याचं उत्तर ड्रेनच्या बाजूने बघितलं तर सोपं आहे. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा एचडीपीई कागद स्वस्त आहे, पण ताठ. छोट्या खड्ड्यात त्याच्या घड्या पडतात आणि घड्यांमध्ये घाण अडकते. त्यावर सिलिकॉनही नीट चिकटत नाही. कागदच टाकायचा असेल तर ईपीडीएम रबराचा घ्या, महाग पडेल पण अंगासरशी बसतो. त्याला ड्रेनही दोन भागांचा लागतो: खालची वाटी काँक्रीटमध्ये, वरून कागद, त्यावर दाबपट्टी आणि स्क्रू. कागदाच्या दोन्ही अंगांना रबरी गॅस्केट. इथे क्रम चुकवू नका. कागद ड्रेनभोवती सैल अंथरा, दाबपट्टी ठेवा, चाकूच्या टोकाने फक्त स्क्रूंपुरती छिद्रं पाडा, सगळे स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळत या, आणि शेवटी आतला गोल कापा. आधी गोल कापून मग दाबपट्टी जुळवायला गेलात तर कागद सरकतो आणि नवा आणावा लागतो. सिलिकॉन वापरलंत तर मत्स्यालयाचं वापरा, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना बाधतं. चारच फूट खोल आणि कायमचं तळं असेल तर माझा कौल आरसीसीला.

भरल्यावर पातळी रोज उतरताना दिसेल, लगेच घाबरू नका. नाशिकच्या उन्हाळ्यात दिवसाला ५ ते १० मिलिमीटर पाणी नुसतं उडून जातं. एक बादली भरून तळ्याच्या काठाशी, त्याच उन्हात ठेवा. दोन्हीकडे सारखंच उतरत असेल तर उन्हाचा प्रताप, तळ्यात जास्त उतरत असेल तर गळती.

ओव्हरफ्लोबद्दल लोक नको तेवढं घाबरतात आणि नको तिथे घाबरतात. तुमच्या तळ्याचा पृष्ठभाग साडेसहा चौरस मीटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेवढा जरी तुमच्या तळ्यावर कोसळला तरी दिवसभरात सहा हजार लिटर, आणि ते चार इंची उभ्या पाइपातून सहज निघून जातं. धोका गच्चीच्या पन्हाळीचा. शंभर चौरस मीटर गच्चीवर तासाला १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर तासाभरात येतात, सोबत कबुतरांची घाण आणि वॉटरप्रूफिंगचे केमिकल. पन्हाळ आणि अंगणाचा उतार, दोन्ही तळ्यापासून दूर वळवा. तळ्याचा काठ जमिनीपेक्षा सहा इंच वर ठेवा.

आणि पावसाळ्यात तळं रिकामं करू नका. तुमच्या मापाची, पाच इंच जाडीची आरसीसी टाकी साडेसहा-सात टन वजनाची होईल. बाहेरच्या जमिनीत पाणी काठापर्यंत चढलं तर ते या टाकीला आठ टनांच्या वर जोराने उचलतं. आत पाणी असतं तोवर काही होत नाही. रिकामी टाकी तडकते किंवा उचलली जाते, कागद असेल तर तो फुग्यासारखा वर येतो. साफसफाई मार्च-एप्रिलमध्ये उरकून घ्या.

ड्रेनचा पाइप थेट पंपाच्या सक्शनला जोडायची कल्पनाही कोणी सुचवेल, चेंबरचा खर्च वाचतो म्हणून. ते करू नका. एकाच तोंडाने ओढणारा पंप लहान मुलाचा हात किंवा केस धरून ठेवू शकतो, आणि परसातल्या तळ्यात मुलं उतरणारच.

शेजाऱ्यांच्या जुन्या तळ्याची फरशी फोडू नका. एकदा फोडलेलं वॉटरप्रूफिंग पुन्हा एकजीव होत नाही. त्यांच्यासाठी असं करा: घुमटाचा ड्रेन तळाशी नुसता ठेवायचा, खाली दगडाचं वजन देऊन. त्याचा पाइप आतूनच भिंतीच्या कडेने वर आणायचा आणि पाण्याच्या पातळीखाली सहा-आठ इंचांवर, कोअर कटिंग मशीनने भिंतीला पाडलेल्या भोकातून बाहेर सेटलिंग चेंबरमध्ये सोडायचा. भोक पाण्याखाली आहे म्हणून सायफन चालू करायची कटकट नाही, आणि तिथे पाण्याचा दाब चार फुटांऐवजी अर्ध्या फुटाचा, म्हणून सील टिकतं. आतला पाइप दिसतो खरा, कुंड्या लावून झाका.

रोजचं काम मिनिटभराचं. खाद्य दिल्यावर तास-दोन तासांनी उभा पाइप दहा सेकंद उपसायचा. हिवाळ्यात मासे कमी खातात, तेव्हा दिवसाआड. छोटी पिल्लं असतील तर पाइप अर्धवटच वर उचलायचा, ओढ कमी राहते. आठवड्याला एकदशांश पाणी बदललं जाईल असं बघा. भरायचं पाणी नळाचं असेल तर क्लोरीन मारायला हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट टाका, किंवा ते पाणी ड्रममध्ये दोन दिवस उघडं ठेवून मग घ्या.

ड्रेनमधून निघालेलं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये घालवायच्या आधी एक टी काढून बागेकडे वळवा. केळ, अळू, नारळ यांना ते खतासारखं लागतं. पाया जवळ असेल तिथे मुरवू नका. तळ्यात मीठ किंवा औषध टाकलं असेल तेव्हा मात्र ते आठवडे पाणी ड्रेनेजलाच जाऊ द्या, भाजीला नको. टीवर दीड-दोन इंची बॉल व्हॉल्व्ह चालेल, तिथे तो रोज फिरतो म्हणून अडकत नाही.